चांद्यास घर घेतांना

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, असें आपण म्हणतों. ही म्हण रूढ झाली त्या काळीं तयार घर बाजारांत मिळण्याची चाल फारशी नसावी. नाहीं तर म्हण करणाऱ्यानें त्या तिसऱ्या अनुभवालाही जागा दिली असती. बांधणाऱ्याला निदान स्वतःच्याच चुकांशीं संसार करावयाचा असतो. विकत घेणाऱ्याच्या वांट्याला दुसऱ्याच्या चुका येतात, आणि त्या त्याला पंधरा मिनिटांच्या भेटींत, दलाल शेजारीं उभा असतां आणि घरमालकीण चहाचा आग्रह करीत असतां ओळखाव्या लागतात.

गेल्या वर्षीं माझ्या भाच्याची बदली घुग्गुसच्या बाजूस झाली. त्याच सुमारास त्याच्या पत्नीस चंद्रपुरांतील एका शाळेंत कायमची जागा मिळाली, तेव्हां भाड्याच्या घरांतला संसार पुरे झाला असें दोघांनीं ठरविलें. माझी वडील बहीण त्यांच्याजवळच असते. तिला दमा आहे. तीन-चार महिने घरें पाहून झाल्यावर भाच्याचें पत्र आलें. त्यांत तीन घरांचें वर्णन होतें. एक तटाच्या आंत, भानापेठेकडील: जुनें, अरुंद, अंधारें, सामाईक भिंतीचें. दुसरें इरई नदीच्या बाजूस नव्या वस्तींतलें: ऐसपैस, पुढें अंगण, मागें सांदवाडी, आणि किंमत आश्चर्य वाटावें इतकी कमी. तिसरें उत्तरेस तुकूमकडे: नवें कोरें, गच्चीचें, पण गच्चीवर उभें राहिलें म्हणजे वीजकेंद्राच्या चिमण्या समोर. पत्राच्या शेवटीं त्यानें लिहिलें होतें, "मामा, निर्दोष घर आमच्या पैशांत बसत नाहीं हें आम्हांस कळून चुकलें आहे. तेव्हां कोणता दोष पत्करावा एवढेंच सांगा."

इतिहासाचा नाद असलेल्या माणसास असा प्रश्न विचारूं नये. तो पंधराव्या शतकापासून आरंभ करतो. मींही तसाच केला. परंतु लिहितां लिहितां माझ्या ध्यानांत आलें कीं, या शहराचा इतिहास म्हणजे बव्हंशीं याच प्रश्नाचा इतिहास आहे. म्हणून त्या उत्तरांतील कौटुंबिक भाग बराचसा गाळून बाकीचा येथें देत आहें.

चांदा वसला त्याची कथा ही मुळांत एका बिऱ्हाड बदलणाऱ्या कुटुंबाची कथा आहे. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा वर्धेच्या कांठीं बल्लारपुरास राहत असे. त्याच्या अंगावर गांठी व फोड होते आणि कोणताही उपाय लागू पडत नव्हता. एके दिवशीं शिकारीच्या नादांत तो झरपटेच्या कोरड्या पात्रांतून वर गेला. तहान लागली होती. एका खळग्यांत पाणी झिरपत होतें. त्यानें तें प्राशन केलें, हातपाय धुतले आणि त्या रात्रीं कित्येक वर्षांनीं त्याला गाढ झोंप लागली. सकाळीं राणी पाहते तों अंगावरच्या गांठी ओसरलेल्या. ती राजाला घेऊन त्या जागीं गेली, कुंड मोकळें करविलें, आणि तेथेंच अचलेश्वराचें देऊळ उठलें. देवळाचें काम पाहण्यास राजा घोड्यावरून जात असतां एक विलक्षण प्रकार त्याच्या दृष्टीस पडला. कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा राजाच्याच कुत्र्याच्या मागें लागला होता! कुत्रा मोठमोठे फेरे घेत पळे, ससा नागमोडी धांवून त्याला गांठूं पाही; शेवटीं कुत्रा उलटला आणि त्यानें सशाला मारलें. राजानें ही हकीकत घरीं येऊन सांगितली. राणी म्हणाली, हा शुभशकुन आहे. त्या दोघांच्या पावलांवरून तट घाला आणि आंत शहर वसवा. मात्र जेथें ससा मेला ती जागा धोक्याची, तेथें बुरूज विशेष भक्कम असूं द्या.

या कथेंतील ससा प्रसिद्ध आहे. माझें लक्ष नेहमीं राणीकडे जातें. राजाला एका गुणानें मोह घातला: या पाण्यानें आपला रोग गेला. घर पाहावयास गेलेल्या पुरुषमंडळींची गत बहुधा अशीच होते. पुढची खोली मनांत भरली कीं मागची पाहावयाची राहते. राणीनें जागा नाकारली नाहीं, पण तिच्यांतला धोका कोठें आहे तो नेमका दाखवून त्याचा बंदोबस्त करावयास लावला. दंतकथेचा इतिहास म्हणून उपयोग करावा कीं नाहीं हा वाद पंडितांनीं करावा. घरांतील कोणत्या माणसाला बरोबर घेऊन घर पाहावयास जावें हें सांगण्यास ती पुरेशी आहे.

आतां जागा पाहूं. पश्चिमेकडून इरई आणि पूर्वेकडून झरपट, या दोन नद्यांच्या बेचक्यांत चांदा वसला आहे. दक्षिणेस त्या एकमेकींस मिळतात आणि पुढें इरई वर्धेला मिळते. पाण्याची ददात नाहीं, खंदकाचें अर्धें काम नद्यांनींच केलेलें, शत्रूला येण्यास वाटा थोड्या. गुण इतके. दोष एकच, कीं पावसाळ्यांत याच नद्या घरीं येतात. राजे लोकांनीं त्यावर केलेला उपाय म्हणजे तो प्रचंड दगडी तट. जुन्या इंग्रजी नोंदींत त्याचा घेर साडेपांच मैल दिला आहे. काम खांडक्या बल्लाळशहानें आरंभिलें आणि कित्येक पिढ्यांनीं, धुंड्या रामशहाच्या काळीं, तें पुरें झालें असें परंपरा सांगते. जटपुरा, अचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा या चार वेशी, आणि बगड, हनुमान, विठोबा, चोर व मसाण या पांच खिडक्या आजही लोकांच्या बोलण्यांत आहेत.

तट बांधला शत्रूसाठीं. परंतु १७५१ त गोंडांचें राज्य भोसल्यांकडे गेलें तें त्याला थांबवितां आलें नाहीं, आणि २० मे १८१८ रोजीं इंग्रजांनीं तोफांनीं खिंडार पाडून शहर घेतलें तेव्हांही तो कामास आला नाहीं. कामास आला तो नदीविरुद्ध. इरईला मोठा पूर आला कीं पाणी पठाणपुरा व बिनबा वेशींपर्यंत चढतें, आणि तटाच्या आंतील जुनें गांव बरेंचसें कोरडें राहतें. पांच शतकांपूर्वींच्या गवंड्यानें जो दगड बसविला त्याचा लाभ आजचा भानापेठेंतला रहिवासी घेतो. त्याबद्दल तो कोणास घरपट्टी देत नाहीं आणि बहुधा त्याला तें ठाऊकही नसतें.

इंग्रजांनीं काय केलें तेंही पाहण्यासारखें आहे. १८५४ त नागपूरचें राज्य खालसा झाल्यावर त्यांनीं आपल्या कचेऱ्या व बंगले जटपुरा वेशीच्या बाहेर, उत्तरेस नेले. तटाच्या आंत जागा नव्हती असें मुळींच नाहीं. १९०१ च्या खानेसुमारींत चांद्याची वस्ती अवघी १७,८०३ होती; साडेपांच मैलांच्या घेरांत एवढीं माणसें म्हणजे परसवें आणि मोकळीं आवारेंच अधिक. पण साहेबाला हवा पाहिजे होती, शेजार नको होता, आणि पुराची कटकट तर मुळींच नको होती. बाजार लांब पडतो हा दोष त्यानें खुशीनें पत्करला, कारण बाजारास जाणें हें त्याचें काम नव्हतें. तें बबर्जीचें होतें. घरासंबंधीं घेतलेल्या पुष्कळ तडजोडी अशा असतात. निर्णय एकाचा, पायपीट दुसऱ्याची. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं आगगाडी बल्लारपुरापर्यंत गेली, स्टेशन तटाबाहेर झालें, आणि वकील, कंत्राटदार, लांकडाचे व्यापारी हळूहळू वेशीबाहेर पडूं लागले. तरी पुष्कळ कुटुंबें आंतच राहिलीं. माझें बालपण तेथलेंच. कवेलूंचें छप्पर, पुढें छपरींत टांगलेली सागवानी बंगई, मधोमध दिवसाही दिवा लागेल असें माजघर, आणि भिंतीपलीकडच्या घरांत कोण कोणास काय बोललें तें ऐकूं येण्याची सोय. दर मृगाच्या आधीं कवेलू फेरावयाचे, आणि तरीही पहिल्या पावसांत कोठें ना कोठें गळावयाचें. हे दोष आम्हीं सोसले, थोडे दुरुस्त केले, कांहींची संवय झाली. माजघराला छतांतून उजेडाची कांच बसविली त्या दिवशीं माझी आजी म्हणाली होती कीं, चाळीस वर्षें या घरांत स्वयंपाक केला, पण भिंतीचा रंग आज कळला.

येथपर्यंत आल्यावर मीं भाच्याला एक भेद लिहून कळविला. घराचे दोष निराळे आणि जमिनीचे दोष निराळे. अंधार, गळती, अरुंद जिना, गैरसोयीचें मोरीघर, लांबचा बाजार हे घराचे दोष. पैसा आला, वेळ मिळाला, मुलगा कमावता झाला कीं ते एकेक निस्तरतां येतात. जमिनीचा दोष मालकाच्या हातांत नसतो. यालाही अपवाद आहे हें मला ठाऊक आहे. याच जिल्ह्यांत वरोऱ्याजवळ १९४९ त बाबा आमटे यांनीं जी पन्नास एकर जमीन घेतली ती खडक आणि झुडुपें यांवांचून कांहींच नव्हती. विहिरीपासून सर्व कांहीं त्या खडकांतून काढावें लागलें, आणि तें काढलें. पण पाणी नसलेल्या जमिनींत विहीर खणतां येते. पाणी घरांत येणाऱ्या जमिनीला काय करणार?

इरईकांठचें तें ऐसपैस घर मी यासाठींच पत्करूं नये म्हणत होतों. पूर्वीं इरईला पूर येई तो पावसाचा. आतां त्यांत आणखी दोन-तीन गोष्टी मिळाल्या आहेत. वीजकेंद्राला पाणी पुरविण्यासाठीं वरच्या अंगास इरईवर धरण झालें. तें भरलें कीं दारें उघडावीं लागतात. खालच्या अंगास वर्धा फुगलेली असली तर इरईचें पाणी पुढें सरकत नाहीं, त्याचा फुगवटा उलटा शहराकडे येतो. आणि मधल्या पट्ट्यांत उघड्या कोळसाखाणींतून काढलेल्या मातीचे डोंगर नदीच्या कांठांवर उभे राहिले आहेत. २०१३ त आणि पुन्हां २०२२ च्या पावसाळ्यांत रहमतनगर आणि बिनबा वेशीबाहेरील नवी वस्ती यांत घरोघर पाणी शिरलें. लोकांना होड्यांतून बाहेर काढावें लागलें.

सरकारी नकाशांत नदीच्या दोन्ही अंगांस दोन रेषा असतात. पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची तांबडी. निळीच्या आंत बांधकामास मनाई. निळी व तांबडी यांच्या दरम्यान अटी घालून परवानगी. घर घेणारा माणूस सात-बारा पाहतो, आखीव पत्रिका पाहतो, पत्रिकेवरून मुहूर्तही पाहतो. पण या दोन रेषा पाहणारा मला क्वचितच भेटला. भाच्यालाही त्या ठाऊक नव्हत्या. त्याला मीं लिहिलें, नगररचनेच्या कचेरींत जाऊन नकाशा पाहा, आणि तेथें खेप पडली तर त्या वस्तींत जाऊन एखाद्या म्हाताऱ्या बाईला विचार, "आजी, बाविसच्या सालीं पाणी कोठवर आलें होतें?" ती भिंतीवर हात ठेवून दाखवील. नवा रंग त्या खुणेपर्यंतच दिलेला असतो.

भाच्याच्या पत्रांत एक वाक्य असेंही होतें कीं, नोकरीच्या जागेजवळ घुग्गुसलाच एखादें स्वस्त घर घेतलें तर जाणें-येणें वांचेल. त्यावर मीं अधिक सविस्तर लिहिलें, कारण हा दोष डोळ्यांस दिसत नाहीं.

वर्धेच्या खोऱ्यांत कोळसा आहे हें इंग्रजांच्या ध्यानांत आलें तेव्हांपासून या जिल्ह्यांत घर घेण्याला एक तिसरी मिति प्राप्त झाली. १८७० नंतरच्या दशकांत वरोऱ्यास सरकारी खाण निघाली. ती १९०६ त बंद पडली. त्याच सुमारास बल्लारपूरची खाण सुरू झाली, आणि मग चांद्याच्या अगदीं कुशींतल्या महाकाली व लालपेठ, तसेंच घुग्गुस येथील खाणी निघाल्या. भूमिगत खाणीची रीत अशी. खालीं गल्ल्या खोदीत जावयाचें आणि छताला आधार म्हणून कोळशाचेच चौकोनी खांब सोडावयाचे. पुढें ते खांबही काढावयाचे, आणि पोकळी नदीच्या वाळूनें, पाण्याबरोबर ती आंत सोडून, भरून घ्यावयाची. भरणी नीट झाली तर वरची जमीन फारशी हलत नाहीं. जेथें खांब जुने होऊन झिजले, किंवा भरणी अपुरी राहिली, आणि खाण फार खोल नसली, तेथें वरच्या माणसाला खालची गोष्ट एके दिवशीं अकस्मात् कळते.

२६ ऑगस्ट २०२२ रोजीं घुग्गुसच्या अमराई भागांत हेंच झालें. भरदिवसां एक राहतें घर पाहतां पाहतां जमिनींत गडप झालें. हादरा जाणवतांच घरांतील माणसें बाहेर धांवलीं म्हणून वांचलीं. खालीं इंग्रजी अमदानींतल्या खाणीची पोकळी होती. आसपासचीं घरें रिकामीं करवावीं लागलीं, आणि ज्यांनीं आयुष्याची पुंजी त्या विटांत घातली होती तीं कुटुंबें दुसरीकडे हलविण्यांत आलीं. त्या घराच्या भिंतींत, छपरांत, दरवाज्यांत कांहीं उणें नव्हतें.

खरेदीखतांत चतुःसीमा लिहितात: पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, दक्षिणेस रस्ता, उत्तरेस नाली. खालीं काय आहे तें लिहिण्याची चाल नाहीं. खनिजावरचा हक्क मालगुजारीच्या काळापासून सरकारनें राखून ठेवला आहे, आणि १९६६ च्या महसूल संहितेंतही तो राज्याकडेच आहे. म्हणजे आपण विकत घेतों तो जमिनीचा वरचा पापुद्रा. बहुतेक ठिकाणीं हा विचार निव्वळ तात्त्विक राहतो. घुग्गुस, लालपेठ, बल्लारपूर या बाजूस तो राहत नाहीं.

राहिला कागद. भानापेठेंतलें घर नझूलच्या जागेवर होतें. ज्यांस हा शब्द नवा असेल त्यांच्यासाठीं सांगतों: जुन्या मध्यप्रांतांतील शहरांत सरकारच्या मालकीची जी जागा लोकांस घरांसाठीं पट्ट्यानें दिली ती नझूल. पट्टा बहुधा तीस वर्षांचा, मग नूतनीकरण. घर आपलें, जमीन सरकारची. विदर्भांतील कित्येक पिढ्या अशा घरांत जन्मल्या आणि वारल्या. कोणी त्यांना उठविलें नाहीं, पण विक्री, वांटणी, कर्ज यांपैकीं कशाचीही वेळ आली कीं नूतनीकरण राहून गेल्याचें उघडकीस येतें आणि मग कचेरीच्या पायऱ्या. अलीकडे शासनानें ठराविक रक्कम भरून अशा जागा मालकीच्या करून घेण्याची वाट मोकळी केली आहे. म्हणून हा दोष कागदाचा असला तरी घराच्या दोषांत जमा करावा. पैशानें आणि चिकाटीनें तो निघतो.

प्रत्येक कागदी दोष तसा नसतो. मालगुजारी १९५१ त संपली तेव्हां गांवच्या नोंदींत झुडपी जंगल म्हणून लिहिलेली पुष्कळ जमीन सरकारकडे आली. नांव जंगल, वस्तुतः गुरें चारण्याचें माळरान. पुढें तिच्यावर शाळा झाल्या, कचेऱ्या झाल्या, स्मशानें झालीं, माणसांनीं घरेंही बांधलीं. विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत मिळून अशी सुमारें ८६ हजार हेक्टर जमीन आहे, आणि ती वन आहे कीं नाहीं या एका शब्दावर हजारों कुटुंबांचा निवारा लोंबकळत राहिला. २२ मे २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं ती वनच होय. १२ डिसेंबर १९९६ पूर्वींच्या वांटपांस संरक्षण मिळण्याची सोय ठेविली, त्यानंतरच्यांना मात्र कडक चौकशी. तेव्हां शहराच्या कडेस कोणी स्वस्तांत प्लॉट देऊं लागला तर त्या नोंदींत झुडपी हा शब्द आहे काय, हें इसार देण्याआधीं पाहावें.

भाचेसुनेचें माहेर गडचिरोलीचें. तिच्या वडिलांनीं सुचविलें होतें कीं, घर चंद्रपुरांत न घेतां तिकडेच एक जागा घेऊन ठेवावी. एक शेतकरी द्यावयास तयार आहे, जमीन त्याच्या नांवावरच राहील, आपण साध्या कागदावर लिहून घेऊं. तो शेतकरी गोंड समाजांतला होता. गडचिरोली १९०५ त तहसील झाली आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजीं जिल्हा. कचेऱ्या आल्या, नोकरदार आले, त्यांना घरें पाहिजे झालीं, आणि चोहोंकडे एक तर राखीव जंगल, नाहीं तर आदिवासींची शेती. जिल्हाधिकाऱ्याची व सरकारची परवानगी असल्याशिवाय आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला घेतां येऊं नये असा निर्बंध महसूल संहितेंत आहे. १९७४ त तो अधिक कडक झाला, आणि त्याच वेळीं १ एप्रिल १९५७ पासून ६ जुलै १९७४ पर्यंत गेलेल्या जमिनी मूळ मालकांस परत करण्याचा कायदाही झाला. या निर्बंधाला वळसा घालणारे साधे कागद पुष्कळ फिरतात. भाच्याच्या सासऱ्यांविषयीं मला आदर आहे. ते लोभी गृहस्थ नव्हेत, सर्वजण करतात तें ते सांगत होते. मीं मात्र स्पष्ट लिहिलें कीं, ही तडजोड आपण करूं शकत नाहीं, कारण हींत सोडावयाचें तें आपलें नाहीं. भाव कमी पडतो तो दुसऱ्याच्या अडचणीमुळें.

याच जिल्ह्यांत, धानोरा तालुक्यांत, मेंढा (लेखा) नांवाचें गोंडांचें लहानसें गांव आहे. २००९ त त्यांना आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०१३ त त्या गांवानें आणखी एक ठराव केला: ग्रामदान कायद्याखालीं प्रत्येकानें आपली जमीन ग्रामसभेच्या स्वाधीन करावी. कसावयाची ज्याची त्यानें, राहावयाचें ज्याच्या त्याच्या घरांत, पण परस्पर बाहेरच्याला विकावयाचें नाहीं. विकण्याचा हक्क म्हणजे आपल्या समजुतीप्रमाणें मालकीचा कळस. तो त्यांनीं आपण होऊन खालीं उतरविला. आपल्यांतला कोणता मनुष्य हें करील? मी करणार नाहीं, हें प्रामाणिकपणें सांगतों. पण आपणांस घर पाहिजे कीं विकतां येणारी वस्तु पाहिजे, हा प्रश्न मेंढ्याच्या लोकांनीं स्वतःला विचारला, आणि आम्हीं तीन महिने घरें पाहून तो एकदांही विचारला नव्हता.

तुकूमच्या घराविषयीं शेवटीं लिहिलें, कारण तेथें माझा भेद लागू पडेना. घर उत्तम, कागद स्वच्छ, पुराचें पाणी लांब, खालीं खाण नाहीं. दोष हवेचा. उत्तरेस दुर्गापूर-ऊर्जानगरकडे १९८३-८४ पासून औष्णिक वीजकेंद्र चालूं आहे. आज त्याची शक्ति २,९२० मेगावॉट आहे, आणि मुंबई-पुण्याकडे दिवा लागतो त्यांत चांद्याच्या कोळशाचा वांटा असतो. २००९ त केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें देशांतील औद्योगिक क्षेत्रें मोजलीं तेव्हां चंद्रपूर ८३.८८ गुण मिळवून चौथें आलें. नव्या कारखान्यांस कांहीं काळ बंदी झाली. वाळत घातलेल्या कपड्यांवर काळसर बारीक थर बसतो तो जलशुद्धीच्या किंवा रंगाच्या उपायानें जात नाहीं. बहिणीचा दमा डोळ्यांपुढें ठेवून मी भाच्याला चिमण्यांपासून जितकें दूर जातां येईल तितकें जा असें लिहिलें, आणि लिहितांनाच मला त्या सल्ल्याचा पोकळपणा जाणवला. तटाच्या आंतली हवा काय निराळी असते? वारा वेशीपाशीं परवानगी मागत नाहीं. थोडें अंतर, थोडी झाडें, उत्तरेकडच्या खिडक्या कमी, एवढाच फरक. आणि त्या थोड्यासाठीं किती रुपये अधिक मोजावे, याचा हिशेब मला करतां आला नाहीं. डॉक्टरला विचार, असें लिहून मीं पत्र संपविलें.

त्यांनीं भानापेठेंतलें घर घेतलें. निर्णय भाचेसुनेचा. ती तिन्ही घरें पुन्हां एकदां एकटीच पाहून आली, शेजारणींशीं बोलली, नझूलच्या कचेरींत दोन खेपा घातल्या, आणि मोटार ठेवावयास जागा नाहीं म्हणून भाच्यानें काढलेली कुरकुर तिनें ऐकून घेतली. सांदवाडी नाहीं याचें दुःख माझ्या बहिणीला अजून आहे. तिनें छपरींत डब्यांतून तुळस, ओवा आणि गवती चहा लावला आहे. मे महिन्यांत पारा सत्तेचाळिसाकडे गेला तेव्हां जाड मातीच्या भिंतींचें तें अंधारें माजघर एकदम सर्वांचें आवडतें झालें, आणि उजेडासाठीं छताला कांच बसविण्याचा बेत दिवाळीवर गेला. बहिणीचा दमा आहे तसाच आहे. थंडींत वाढतो.

जुलैंत इरईला पाणी चढलें त्या संध्याकाळीं भाचा छत्री घेऊन पठाणपुरा वेशीपर्यंत गेला होता. गर्दी होती. पाणी वेशीपासून बरेंच अलीकडे थांबलें आहे असें कोणी म्हणालें, कोणी म्हणालें अजून वरचीं दारें उघडावयाचीं आहेत. तो तासभर तेथें उभा राहिला, मग दगडावर खडूनें पाण्याची खूण करून घरीं आला.